रत्नागिरीला जाऊन रत्नागिरीच बघायची

दिवाळी उलटली की मला ठरावीक फोन येऊ लागतात. ऑफिसातलं कुणी, सोसायटीतलं कुणी, नाहीतर कुणाच्या तरी भाच्याचा मित्र. "आम्ही सहा जण पुळ्याला चाललोय. वाटेत रत्नागिरीत काही बघण्यासारखं आहे का हो?"

त्या 'वाटेत'वर मी अडते. माझं शाळेचं सगळं वय रत्नागिरीतल्याच नाचणे भागात गेलं. आपलं गाव म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी गावाच्या वाटेवरचा चहाचा थांबा, हे ऐकायला कुणालाच आवडत नाही. शिवाय ते खरंही नाही. गणपतीपुळं आरे-वारेच्या रस्त्याने जेमतेम २५ किलोमीटर. दर्शन, समुद्र, मोदक धरून अर्ध्या दिवसात उरकतं. रत्नागिरी अर्ध्या दिवसात उरकत नाही.

तेव्हा दरवेळी फोनवर जे सांगते ते इथे लिहून ठेवते. पहिल्यांदाच येणाऱ्या, शुक्रवारी रात्री निघून सोमवारी सकाळी कामावर हजर व्हायचं आहे अशा मित्रमंडळींसाठी आहे हे. घरातली वडीलधारी माणसं किंवा तान्ही मुलं बरोबर असतील तर बेत वेगळा करावा लागेल.

आधी महिना, मग माणसं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात सोपं. आभाळ स्वच्छ, समुद्र शांत, पहाटे जरा गारवा. मार्चच्या सुमारास शिमगा येतो. शहराचं ग्रामदैवत श्री देव भैरी. भैरीबुवाची पालखी बाहेर पडते तेव्हाचं शहर बघण्यासारखं असतंच, पण तेव्हा मुंबईचे सगळे चाकरमानी गावात असतात. खोली आणि परतीचं तिकीट, दोन्हींची आधीपासून तजवीज केलेली नसेल तर येऊ नका. गणपतीत तर नकोच. त्या दिवसांत कोकणात माणूस आपल्या घरी जातो, सहलीला नाही.

आंब्यासाठी यायचं असेल तर एप्रिलचा दुसरा पंधरवडा ते मे. मात्र उकाडा असा की दुपारी बारा ते चार खोलीबाहेर पाऊल टाकवणार नाही. जून-जुलैत मासेमारी बंद असते, त्यामुळे "ताजी सुरमई" म्हणून जे ताटात येईल ते बर्फातलं असणार हे धरून चाला. पावसातली रत्नागिरी देखणी असते, पण ती घाटाची, सड्यांची (म्हणजे कातळाच्या पठारांची) आणि धबधब्यांची. समुद्र तेव्हा लांबूनच बघायचा.

माणसं किती? माझ्या मते सहा. रिक्षात तिघे बसतात, म्हणजे दोन रिक्षा. भाड्याची मोठी गाडी घेतली तर ड्रायव्हर धरून सात. खोल्या दोन किंवा तीन. पाच जण निघाले की प्रत्येक हिशेबात कुणीतरी एकटं उरतं, आणि नऊ-दहा झाले की सकाळचा चहा संपेस्तोवर साडेनऊ वाजतात. निघण्यापूर्वीच सगळ्यांनी ठरावीक रक्कम एकाच्या खात्यात टाकावी आणि सगळीकडे त्यानेच पैसे द्यावेत. शहाळ्याच्या गाडीपाशी सहा जणांनी सहा मोबाइल काढलेले मी बघितले आहेत.

गटात शाकाहारी कोण आहे ते आधीच विचारा. बिचारा सहसा बोलत नाही आणि मग दोन दिवस बटाट्याच्या काचऱ्या खातो. खरं तर कोकणातलं शाकाहारी जेवण मासळीच्या तोडीचं असतं. ओल्या काजूची उसळ (फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास), डाळिंब्या, कुयरीची म्हणजे कोवळ्या फणसाची भाजी, कुळथाचं पिठलं, उकडीचे मोदक. फक्त हे सगळं आधी सांगून ठेवावं लागतं. घरगुती खानावळीत दीड वाजता जाऊन ऐनवेळी मागितलं तर मिळत नाही. सकाळी फोन करून किती माणसं, किती शाकाहारी, किती वाजता, एवढं कळवलं की काम झालं.

तिकीट, आणि तुतारीची तारीख

मुंबईकरांना रेल्वेसारखं सुख नाही. आरक्षण ६० दिवस आधी सकाळी आठला उघडतं आणि शुक्रवार रात्रीच्या गाड्या लवकर भरतात. रात्रीच्या दोन सोयीच्या गाड्या. कोकणकन्या सीएसएमटीहून अकराच्या सुमारास निघते आणि तुतारी दादरहून मध्यरात्री बारा उलटल्यावर सुटते. दोन्ही पहाटे किंवा उजाडता-उजाडता रत्नागिरीला पोचवतात.

आता नीट वाचा. तुतारी बारानंतर सुटते म्हणजे शुक्रवारी रात्री ज्या गाडीत बसायचं तिच्या तिकिटावर तारीख शनिवारची हवी. आमच्या गटातल्या एका हुशार व्यक्तीने (ती मीच) एकदा सहा जणांची तिकिटं शुक्रवारच्या तारखेची काढली. आम्ही शुक्रवारी रात्री जेवून, पिशव्या घेऊन दादरला पोचलो तेव्हा आमची गाडी जवळपास चोवीस तासांपूर्वीच निघून गेली होती. त्यानंतर मिळेल त्या बसच्या मागच्या सीटवर केलेला प्रवास अजून गटातले लोक मला ऐकवतात.

दिवसा जायचं तर पहाटेची जनशताब्दी आहे, वंदे भारत आहे (ती रोज नसते, वार बघून घ्या) आणि सकाळची मांडवी आहे. मांडवीत खायची चंगळ असते, पण तिने गेलात तर शनिवारची दुपार होते. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रकच वेगळं असतं. गाड्या हळू चालतात, तेव्हा जुन्या वेळांवर विसंबू नका.

पुण्याहून रेल्वे सोयीची नाही, रस्त्यानेच यावं लागतं. एक वाट कराड, पाटण करून कुंभार्ली घाटाने चिपळूणला उतरते. दुसरी कोल्हापूरकडून आंबा घाट, साखरपा, पालीवरून येते. ड्रायव्हर नवखा असेल तर घाट रात्री करू नका. दोन्हीकडे दाट धुकं उतरतं. दोन्ही वाटांनी शेवटी हातखंबा येतं आणि तिथून शहर तेरा-चौदा किलोमीटर. मुंबई-गोवा महामार्गाबद्दल मी काही लिहीत नाही. त्यावर बोलता-बोलता एक पिढी म्हातारी झाली.

उतरल्यावर

रेल्वेत पहाटे जाग यायची भीती वाटत असेल तर एक खूण सांगते. उक्षी आणि भोके या स्टेशनांच्या मधे करबुड्याचा बोगदा आहे, साडेसहा किलोमीटर लांबीचा. मोबाइलची रेंज जाते, कानांत दडे बसल्यासारखं होतं आणि बोगदा संपता संपत नाही. तो संपला की पादत्राणं शोधायला घ्या. भोक्यानंतर रत्नागिरीच.

स्टेशन शहरात नाही. कुवारबावजवळ, शहरापासून पाचसहा किलोमीटर बाहेर आहे. बाहेर रिक्षा असतात. मीटरच्या भरवशावर राहू नका, बसायच्या आधी भाडं विचारा. पहाटेचा दर दिवसापेक्षा जास्त असतो, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. रिक्षावाल्याला हॉटेलच्या नावापेक्षा खूण सांगितलेली बरी पडते. मारुती मंदिर, साळवी स्टॉप, जयस्तंभ, गोखले नाका, मांडवी. या पाच खुणा लक्षात राहिल्या की शहर हातात आलं म्हणून समजा.

राहायचं कुठे? गाडीने आला असाल आणि पार्किंग हवं असेल तर साळवी स्टॉप-मारुती मंदिर हा वरचा भाग ठीक. पायी फिरायचं असेल तर जयस्तंभ ते मांडवीपर्यंतचा खालचा भाग, कारण बाजार, टिळक आळी, समुद्र सगळं चालत जाता येतं. भाट्याला पुलापलीकडे समुद्राच्या कुशीत राहण्याची ठिकाणं आहेत. छान आहेत, पण रात्री आइस्क्रीम खावंसं वाटलं तर रिक्षा शोधावी लागते. एक गोष्ट मात्र खोली ठरवतानाच विचारा. पहाटे साडेपाचला आलो तर आत घ्याल का? बऱ्याच ठिकाणी खोली दुपारी बाराला मिळते. निदान सामान ठेवायची आणि तोंड धुवायची सोय तरी कबूल करून घ्या.

शनिवार सकाळ: बंदराकडून किल्ल्याकडे

झोपू नका. मला माहीत आहे, रात्रभर गाडीत गप्पा झाल्यात. तरीही चहा घेऊन सरळ मिरकरवाड्याला जा.

मिरकरवाडा हे रत्नागिरीचं मोठं मासेमारी बंदर. सकाळी होड्या लागतात, टोपल्या आणि प्लॅस्टिकचे क्रेट उतरतात आणि लिलाव सुरू होतो. तो इतका भरभर चालतो की पहिली पाच मिनिटं काहीही कळत नाही. नंतर हळूहळू कोण विकतंय, कोण मान हलवतंय, ते दिसू लागतं. तिथे उभं राहायचे दोन नियम. वाटेत उभं राहायचं नाही आणि पांढरे बूट घालायचे नाहीत. बर्फाचं आणि माशांचं पाणी घोट्यापर्यंत उडतं. साधी रबरी चप्पल घाला. फोटो काढायच्या आधी समोरच्या माणसाकडे बघून खूण करा. कामाच्या घाईत असलेल्या माणसाच्या तोंडासमोर मोबाइल धरला तर जे ऐकावं लागेल ते शुद्ध रत्नागिरी बोलीत असेल.

लिलावात सुटा मासा मिळत नाही. तुमच्या खानावळीत मासे घेऊन गेलात तर करून देतात का हे आधी विचारलं असेल, तर बाजूला बसलेल्या मासेवालीकडून घ्या. डोळा चकचकीत आणि फुगीर, कल्ले उघडून बघितले तर लालभडक, अंगावर बोट दाबलं तर खड्डा राहता कामा नये. सगळे सुरमई-पापलेटच्या मागे असतात. नवख्यांना मी बांगडा सांगते. स्वस्त, ताजा, आणि तिरफळं घालून केलेलं बांगड्याचं तिखलं खाल्लं की सुरमईची आठवण निघत नाही. तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, मिळाल्या तर सोडू नका.

तिथून जवळच पेठकिल्ला, झाडगावच्या बाजूला कृषी विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं मत्स्यालय आहे. मोठी माणसं "हे लहान मुलांसाठी" म्हणून टाळतात. आत देवमाशाचा अख्खा सांगाडा आहे. त्याच्या फासळ्यांशेजारी उभं राहिलं की आपल्या सहा जणांच्या गटाचा आकार लक्षात येतो. पण ते उघडायच्या आधी पोचाल, म्हणून आधी किल्ला, मग मत्स्यालय.

रत्नदुर्ग. इथे शास्त्र एवढंच की उन्हाच्या आत वर जायचं. किल्ला घोड्याच्या नालासारखा आहे आणि तीन बाजूंनी समुद्र. बहामनी काळातला म्हणतात. १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी तो आदिलशहाकडून घेतला, पुढे आंग्र्यांकडे होता, १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला. आत भगवतीचं देऊळ आहे, नांदतं. दर्शन घ्या, मग तटावरून चालत फेरी मारा. तटाला कठडा नाही आणि खाली थेट खडक आहेत. सेल्फीसाठी मागे सरकणाऱ्या मित्राचा हात धरून ठेवा, चेष्टा नाही करत. तटावरून एकीकडे मिरकरवाड्याच्या होड्या, दुसरीकडे दुसऱ्या सोंडेवरचं दीपगृह दिसतं. दीपगृहात संध्याकाळी ठरावीक वेळातच सोडतात, त्यासाठी वेगळी फेरी मारावी लागेल. मी तरी शनिवारच्या बेतात ते धरत नाही.

भूक लागली असेल. खाली या, जेवा, आणि आता झोपा. एक ते चार रत्नागिरीही झोपते. दुकानांच्या फळ्या अर्ध्या ओढलेल्या असतात, आणि त्या वेळात बाजारात भटकणारा माणूस शंभर टक्के पाहुणा असतो.

शनिवार दुपार: थिबाचा राजवाडा

साडेतीनला उठा. संग्रहालय पाचच्या सुमारास बंद होतं आणि सोमवारी उघडत नाही. त्यामुळे ही भेट "उद्या बघू" म्हणून ढकलू नका.

रत्नागिरीत ब्रह्मदेशचा राजा काय करत होता, हा प्रश्न लहानपणी मला कधी पडला नाही. थिबा पॅलेस हा आमच्यासाठी रिक्षाचा थांबा होता. पुढे कळलं ते असं. १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि थिबा राजाला राणी आणि मुलींसकट देशाबाहेर काढलं. आधी मद्रास, मग १८८६ मध्ये रत्नागिरी. का रत्नागिरी? कारण इथे रेल्वे नव्हती, सह्याद्रीतून उतरणारे घाटरस्ते अवघड होते, यायची खरी वाट समुद्राची आणि पावसाळ्यात तीही बंद. पदच्युत राजाला ठेवायला यापेक्षा सोयीची जागा कुठली? कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली ती १९९८ मध्ये. म्हणजे तुम्ही ज्या गाडीतून एका झोपेत आलात, ती थिबानंतर शंभराहून अधिक वर्षांनी आली.

हा राजवाडा १९१० मध्ये तयार झाला. त्याआधी चोवीस वर्षं राजा इथल्याच बंगल्यांत राहत होता. स्वतःसाठी बांधलेल्या वाड्यात त्याला जेमतेम सहा वर्षं मिळाली. १९१६ मध्ये तो गेला. राणी सुपयालत पुढे १९१९ मध्ये ब्रह्मदेशात परतली, पण मंडालेला नाही, रंगूनला. थोरल्या राजकन्येचं मन मात्र इथल्याच एका चाकरीतल्या माणसावर जडलं होतं. ती परत रत्नागिरीला आली. तिची मुलगी इथेच वाढली, इथल्याच माणसाशी लग्न करून मराठी संसार केला, मराठीच बोलली. आमच्या आधीच्या पिढीतल्या लोकांनी तिला बाजारात बघितलेलं आहे, आणि 'ही ब्रह्मदेशच्या राजाची नात' असं कुणी सांगितलं तर नव्या माणसाचा विश्वास बसत नसे.

आत फार वस्तू नाहीत, ते आधीच सांगते. लाल रंगाची तीन मजली इमारत, लाकडी काम, अर्धगोल खिडक्या. काही दालनं दुरुस्तीमुळे बंदही सापडतात. माझा सल्ला असा की वस्तू बघायला जाऊ नका, खिडकीशी उभे राहा. राजा वरून दुर्बिणीतून खाडीत येणाऱ्या होड्या मोजत बसायचा असं इथे सांगतात. खरं-खोटं देव जाणे, पण त्या खिडकीशी उभं राहिलं की तसं वाटतं खरं.

तिथून थिबा पॉइंटला जा, अगदी जवळ आहे. खाली काजळी नदीची खाडी, भाट्याचा पूल, पलीकडे सुरूचं बन आणि मग समुद्र. डिसेंबरात सूर्य सहाच्या आसपास बुडतो, मे महिन्यात सातच्या. अर्धा तास आधी पोचा, कारण शनिवारी बसायला कठडा मिळत नाही. राजाची समाधीही शहरातच आहे. रिक्षावाल्याला 'थिबा राजाची समाधी' एवढंच सांगा. फारसं कुणी जात नाही तिथे.

रात्री मांडवीच्या जेट्टीवर चक्कर. इथली वाळू काळसर, म्हणून हा काळा समुद्र. मिऱ्याच्या बाजूचा तो पांढरा समुद्र. लहानपणी आम्हाला हे दोन वेगळे समुद्रच वाटत. भेळ खा, वारा खा, आणि बाटल्या किनाऱ्यावर उघडू नका. लोकांची घरं आहेत तिथे, आणि पोलीसही येतात.

रविवार: दोन घरं, एक देऊळ आणि मग कुठे

सकाळी आठला पायी निघा. गोखले नाक्यापासून टिळक आळीत वळलं की लोकमान्यांचं जन्मस्थान. २३ जुलै १८५६. उतरतं कौलारू घर, पुढे पडवी, जांभ्या दगडाचं जोतं. टिळकांची माहिती शाळेत वाचलेली असते, ती पुन्हा वाचू नका. घर बघा. कोकणातलं मध्यमवर्गीय घर शंभर-दीडशे वर्षांपूर्वी कसं असे, खोल्यांत उजेड किती आणि कुठून येई, न्हाणीघर कुठे, मागीलदारी काय, हे इथे नीट दिसतं. शहरात अशी घरं भराभर पडतायत.

मग पतितपावन मंदिर. अंदमानातून आणि नंतरच्या तुरुंगांतून बाहेर आल्यावर १९२४ पासून १९३७ पर्यंत सावरकरांना रत्नागिरी जिल्ह्यात स्थानबद्ध ठेवलं होतं. पुन्हा तोच हिशेब: नको असलेला माणूस, आणि लांबचं गाव. त्याच काळात, १९३१ मध्ये, हे देऊळ उघडलं. सगळ्या जातींच्या हिंदूंना एकत्र गाभाऱ्यापर्यंत जाता येईल असं. पैसा उभा केला तो भागोजीशेठ कीर यांनी. रत्नागिरीत गरिबीत जन्मलेला हा माणूस मुंबईत बांधकामाचा मोठा कंत्राटदार झाला. शिवाजी पार्कजवळची दादरची स्मशानभूमी त्यांच्याच दानातली. दादरकर मित्र बरोबर असेल तर त्याला हे देवळाच्या पायरीवर सांगा, त्याला हमखास माहीत नसतं. सावरकरांबद्दल गटात वाद पेटणार असेल तर तो नाश्त्यानंतर पेटवा. घावणे गार होतात.

दहा वाजेतो शहर झालं. आता उरलेल्या दिवसाचे तीन बेत सांगते, त्यातला एकच निवडा. तिन्ही करायला गेलात तर गाडीच्या काचेतून कोकण बघाल.

पहिला आरे-वारे आणि पुळं. गाडी ठरवून घ्या. किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारा रस्ता एका वळणावर वर चढतो आणि खाली दोन किनारे एकदम दिसतात. तिथे थांबतातच सगळे. पुढे गणपतीपुळं, आणि त्याला लागून मालगुंड, केशवसुतांचं गाव. त्यांचा जन्म १८६६ मधला. घर आणि स्मारक नीट राखलेलं आहे, कवितेची आवड असलेला गटात एक जरी असला तरी जा.

दुसरा भाट्ये-पावस. भाट्याचा पूल ओलांडला की सुरूबन, नारळ संशोधन केंद्र, झरी विनायक, आणि पुढे वीसेक किलोमीटरवर पावस, स्वामी स्वरूपानंदांचं. शांत बेत आहे. शनिवारी जास्त दमलेल्यांसाठी.

तिसरा माझा आवडता, आणि त्याला कुणी तयार होत नाही: कातळशिल्पं. रत्नागिरीच्या आसपासच्या जांभ्या सड्यांवर हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी माणसं, प्राणी आणि कोडी वाटावीत अशा आकृती कोरून ठेवल्या आहेत. २०२२ मध्ये त्यांचा युनेस्कोच्या संभाव्य यादीत समावेश झाला. शहरापासून सोयीचं उक्षी, तिथे हत्ती आहे, भोवती कठडाही केलेला आहे. जांभरूणही याच तालुक्यात. जायचं तर सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर. तिरप्या उन्हात रेषा उठून दिसतात आणि सड्यावर सावलीला झाड नसतं. पाणी बरोबर घ्या, कोरलेल्या रेषांवर पाय देऊ नका, आणि पाणी ओतून रेषा उजळवायचा शहाणपणा तर नकोच.

समुद्रात उतरण्यापूर्वी

याला मी वेगळी जागा देते, कारण दरवर्षी आरे-वाऱ्याच्या आणि पुळ्याच्या किनाऱ्यावर पाहुणे बुडतात आणि दरवर्षी गावातल्याच माणसांना पाण्यात शिरावं लागतं. इथला तळ एकदम खोल होतो. गुडघाभर पाण्यात उभं असताना पायाखालची वाळू सरकते. पोहता येणारे जास्त फसतात, कारण त्यांना तलावात पोहता येत असतं.

भरती-ओहोटीची वेळ मोबाइलवर मिळते. रेंज नसली तर आमच्याकडचं जुनं गणित आहे. प्रतिपदेपासून जी तिथी असेल तिला पाऊणने गुणायचं, तेवढ्या वाजता भरती पूर्ण. अष्टमी असेल तर आठ गुणिले पाऊण, म्हणजे सहाला. पौर्णिमेला सव्वाअकराला. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अंदाज आहे, पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण कॅलेंडर भिंतीवर असेल तिथे चालतो. ओहोटी लागल्यावर, म्हणजे पाणी मागे जात असताना, आत शिरायचं नाही. आत ओढ असते. पौर्णिमा-अमावास्येला ती सगळ्यात जोरात. गावातला माणूस "उतरू नका" म्हणाला तर का म्हणून विचारू नका. आणि जेवणाबरोबर काही घेतलं असेल तर त्या दिवशी फक्त पाय भिजवा. नियम कडक वाटेल, पण आमच्या गटात तो मोडायची मुभा नाही.

परतीची खरेदी

संध्याकाळी पाचला शहरात परत. राम आळीत दुकानं तोवर उघडतात. काजूगर, आमसुलं, आंबापोळी, फणसपोळी, कुळथाचं पीठ, तिरफळं. आंबापोळी घेताना वास घ्या आणि मागे काय लिहिलंय ते वाचा. साखरेची पोळी कडक आणि चकचकीत असते. खरी जरा मळकट दिसते.

हापूस हंगामातच, आणि शक्यतो बागायतदाराकडून. रत्नागिरी-देवगडसह कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी महामार्गावरच्या प्रत्येक पेटीवर रत्नागिरी लिहिलेलं असतं आणि आत परराज्यातला आंबा निघतो. खूण अशी की साल पातळ हवी, देठाशी वास यायला हवा, आणि पेटीतली सगळी फळं एकसारखी पिवळीधमक असतील तर शंका घ्या. झाडावरचा आंबा एका वेळी एकसारखा पिकत नाही. गाडीतून न्यायचे असतील तर कच्चे मागा आणि पेंढ्यातली पेटी घ्या. घरी अढी घालून आठ-दहा दिवस पुरतात. पिकलेली पेटी वरच्या बर्थवर ठेवली तर रात्रभर सगळा डबा तुमच्याकडे बघत असतो.

परतीला रविवार रात्रीची कोकणकन्या किंवा तुतारी. दोन्ही इथे रात्री दहा-अकराच्या सुमारास येतात आणि सोमवारी सकाळी मुंबईत सोडतात. इथे तारखेचा घोळ नाही, रविवारचीच लागते. शहरातून नऊ वाजता निघा. कुवारबावच्या रस्त्याला रविवारी रात्री रिक्षा लगेच मिळेल याचा भरवसा नाही, म्हणून सकाळच्याच रिक्षावाल्याचा नंबर घेऊन ठेवा. डबा बांधून घ्या. तांदळाची भाकरी आणि सुकं तिखलं गाडीत खाता येतं, शेजाऱ्यांची हरकत नसेल तर.

आणि कोकम आगळाची बाटली. घ्याच, सोलकढी करायला लागते. पण दुकानदाराकडून झाकणावर चिकटपट्टी मारून घ्या, प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत बांधा, आणि बॅगेत उभीच ठेवा. एकदा आमच्यातल्या एकाने ती सोमवारच्या इस्त्रीच्या शर्टाशेजारी आडवी ठेवली होती. आगळाचा डाग निघत नाही. तो शर्ट तो आता धुळवडीला घालतो.